घरपोच स्लीप टेस्ट, राजारामपुरी: पट्टे चोख, रिपोर्ट अपुरा

घोरणाऱ्याची झोप घरच्या घरी तपासून देणारी ही सेवा. रात्री नऊच्या सुमारास टेक्निशियन येऊन यंत्र लावतो, सकाळी काढून नेतो. लावण्यात हयगय नाही. एक पट्टा काखेखाली छातीवर, दुसरा बेंबीवर, नाकात बारीक नळी, बोटाला ऑक्सिमीटर. नेलपॉलिशचं बोट टाळतात. नळी दोन्ही गालांवर चिकटपट्टीने पक्की करतात, हे फार बरं. कूस बदलताना ती निसटली, तर श्वास चालू असूनही हवेच्या प्रवाहाची रेघ सपाट दिसते. यंत्र बॅटरीवर चालतं, लाईट गेली तरी नोंद तुटत नाही.

दोन पट्टे कशाला? श्वासाचा हुकूम लंबमज्जेतून, म्हणजे मेंदूच्या अगदी खालच्या टोकातून सुटतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की तिथल्या पेशींना आम्लता जाणवते, आणि मानेतून उतरणाऱ्या नसांवाटे श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, ओढ बसते. झोपेत श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला, तर चूक कुठे झाली ते हे पट्टेच सांगतात. घसा मिटला असेल तर नाकातली हवा बंद, पण छाती-पोट धडपडत राहतात. बऱ्याचदा छाती आत आणि पोट बाहेर. मेंदूकडून हुकूमच आला नसेल, तर नाक, छाती, पोट, तिन्ही रेघा सपाट. पहिल्यावर सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, चालतं. दुसऱ्यात आधी हृदयाची ताकद आणि चालू औषधं, विशेषतः अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या, तपासाव्या लागतात.

आणि नेमकं इथेच रिपोर्ट कमी पडतो. दोन्ही प्रकार एकत्र करून तासाला श्वास किती वेळा अडला, याचा एकच आकडा देतात: 5 ते 15 सौम्य, 30 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. एवढ्यावर सीपॅप विकत घेणं धोक्याचं.

शिवाय या यंत्रात मेंदूच्या लहरींची नोंद नसते, म्हणून भागाकार झोपेच्या नव्हे, नोंदीच्या तासांनी होतो. 96 वेळा श्वास अडला आणि नोंद 8 तासांची, तर आकडा 12. पण पेशंट 6 तासच झोपला असेल, तर खरा आकडा 16, म्हणजे सौम्य नव्हे, मध्यम. किती वाजता डोळा लागला, कितीदा जाग आली, हे घरच्यांनी कागदावर लिहून ठेवावं.

वेळ पाळतात, पट्टे स्वच्छ असतात, सेवा घेण्याजोगी आहे. फक्त बुकिंग करतानाच सांगा: घशाचे आणि मेंदूचे अडथळे वेगळे मोजून द्या, सोबत तिन्ही रेघांचं पान जोडा.