दुर्बिणीतून नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया : कोल्हापुरातील एका रुग्णालयाची सेवा कशी वाटली

नाकाचा पडदा (दोन नाकपुड्यांमधली आतली भिंत) वाकडा असल्यामुळे होणाऱ्या त्रासावर दुर्बिणीतून केली जाणारी शस्त्रक्रिया मी कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात करून घेतली. या शस्त्रक्रियेच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. परंतु तिच्या आधी काय तपासले जावे आणि तिच्यानंतर नाकाची देखभाल कशी व्हावी, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पुढे काही तक्रारीही मांडल्या असल्यामुळे रुग्णालयाचे नाव दिलेले नाही. माझे मत आधीच सांगते : शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण त्याहूनही उत्तम होती ती तिच्यापूर्वीची तपासणी आणि तिच्यानंतरची नाकाची सफाई. रुग्णालय निवडताना रुग्णाने याच दोन गोष्टींची चौकशी सर्वांत आधी करावी.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. डावी नाकपुडी वर्षानुवर्षे जवळजवळ बंदच असे. रात्रभर तोंडाने श्वास घेतल्यामुळे सकाळी घसा कोरडा पडलेला असे आणि शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत आवाज बसू लागे. गळीत हंगामात हवेत धूर आणि धूळ वाढली की उजवी बाजूही चोंदत असे. या त्रासासाठी मी प्रथम ज्या दवाखान्यात गेले, तेथे नाकात टॉर्च मारून पाहिल्यावर लगेच ‘लेझरने एका दिवसात मोकळे करू’ असे सांगून पॅकेजचा कागद हातात ठेवण्यात आला. ॲलर्जीची चौकशी झाली नाही, मी कोणती औषधे घेते हेही कोणी विचारले नाही. वाकलेले हाड आणि कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग) सरळ करण्याचे काम आजही मुख्यतः शस्त्रक्रियेच्या नेहमीच्या बारीक अवजारांनीच होते. त्यामुळे ‘लेझर’ हा शब्द पुढे करून घाईने तारीख देणाऱ्या ठिकाणी लेझरने नेमके काय करणार, हा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसऱ्या रुग्णालयातील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांनी आधी सगळे ऐकून घेतले : शिंका किती येतात, डोळे खाजतात का, नाक मोकळे करणारे थेंब रोज टाकावे लागतात का, झोपेत श्वास अडकल्याचे घरच्यांच्या लक्षात आले आहे का, लहानपणी नाकाला मार लागला होता का. थेंबांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले थेंब सलग आठवडाभराहून अधिक वापरले, तर औषध उतरताच आतील अस्तर पुन्हा सुजते, नाक अधिकच चोंदते आणि दोष मात्र पडद्यावर जातो. त्यानंतर त्यांनी स्टीलची गार, चपटी पट्टी माझ्या नाकपुड्यांखाली धरून मला शांतपणे श्वास सोडायला सांगितले. पट्टीवर उजवीकडे चांगला मोठा धुरकट ठसा उमटला आणि डावीकडे जेमतेम डाळीएवढा. इतकी साधी, बिनखर्चाची तपासणी रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, याचे मला फार समाधान वाटले. मग गालाची त्वचा बोटाने बाहेरच्या बाजूला ओढून श्वासात फरक पडतो का, हे त्यांनी पाहिले. तसा फरक मोठा असेल, तर अडथळा नाकपुडीच्या तोंडाशी, म्हणजे झडपेपाशी असण्याची शक्यता वाढते, आणि अशा रुग्णाला केवळ पडदा सरळ करून पुरेसा आराम मिळेलच असे नाही.

शेवटी बधिर करणाऱ्या औषधाचे बोळे ठेवून दुर्बीण आत घातली. सुमारे ४ मिलिमीटर जाडीची ती नळी पडद्यालगत पुढे सरकत असताना समोरच्या स्क्रीनवर सगळे दिसत होते. डाव्या बाजूला, बरेच आत आणि खालच्या अंगाला, पडद्यातून एक टोकदार कंगोरा बाहेर आलेला होता आणि तो बाजूच्या भिंतीवरील मांसल पट्टीत रुतून बसला होता. “मॅडम, हे हाड आहे, हे औषधाने जाणार नाही, पण याच्याभोवतीची सूज औषधाने किती उतरते, ते आधी पाहू,” असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी काही आठवडे स्टिरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे एवढेच दिले. फवारा पडद्यावर न मारता बाहेरच्या, डोळ्याच्या दिशेने मारायचा असतो, आणि त्यासाठी उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने व डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने बाटली धरणे सोयीचे जाते, हेही त्यांनी करून दाखवले. त्या औषधाने उजवी बाजू मोकळी झाली, डावी मात्र तशीच राहिली. तेव्हाच शस्त्रक्रियेचा विषय निघाला. कपाळ आणि गाल दुखत असल्यामुळे सायनसची शंका होती, म्हणून सीटी स्कॅन केला. केवळ वाकड्या पडद्यासाठी तो प्रत्येकाला लागतोच असे नाही, हे त्यांनी आपणहून सांगितले.

नाकाचा पडदा पुढे कूर्चेचा आणि मागे पातळ हाडांचा असतो, आणि दोन्ही बाजूंनी त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेले नाजूक अस्तर असते. थोडाफार वाकडेपणा बहुतेकांच्या पडद्यात आढळतो. त्रास नसेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रीअर आणि किलियन या शल्यविशारदांनी अस्तराखालून कूर्चेचा व हाडाचा बराचसा भाग काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. श्वास मोकळा होत असे, पण आधार गेल्यामुळे नाकाचा कणा खचण्याचा किंवा पडद्याला भोक पडण्याचा धोका राही. पुढे शल्यविशारद कॉटल यांच्या कामापासून शक्य तितका पडदा राखून तो सरळ करण्याकडे कल वळला. भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगरचनेमुळे नाकाच्या दुर्बिणी लख्ख दिसू लागल्या; त्या आधी सायनससाठी वापरात आल्या आणि १९९१ च्या सुमारास स्टॅमबर्गर, लान्झा आदी शल्यविशारदांनी पडद्याच्या शस्त्रक्रियेतही त्यांचा वापर मांडला.

माझ्यासारख्या एकाच जागी असलेल्या, आतल्या बाजूच्या कंगोऱ्यासाठी या पद्धतीचा लाभ सरळ आहे. छेद कंगोऱ्याच्या अगदी लगत घेता येतो, अस्तर लागेल तेवढेच उचलले जाते, आणि कंगोऱ्याच्या टोकावर ताणून पातळ झालेले अस्तर फाटू नये म्हणून शल्यविशारदाला तेथे नेमके पाहता येते. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, नाकपुडी फाकवून करण्याच्या जुन्या पद्धतीत मागचा भाग इतका जवळून दिसत नाही. शिवाय शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिका यांनाही तेच दृश्य स्क्रीनवर दिसत असल्यामुळे सगळे एकाच गोष्टीकडे लक्ष देऊन काम करतात. मात्र पडद्याची अगदी पुढची कड, म्हणजे नाकाच्या शेंड्याजवळची कूर्चा वाकलेली असेल, तर दुर्बिणीचा उपयोग फारसा होत नाही. तेथे नेहमीची उघडी पद्धतच लागते. रक्तस्राव जास्त झाला तर भिंग वारंवार पुसावे लागते, हीही एक अडचण. दुर्बीण म्हणजे प्रत्येक बाबतीत वरचढ तंत्र, अशी समजूत माझ्या डॉक्टरांनी होऊ दिली नाही, आणि त्यामुळेच त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

या शस्त्रक्रियेने खरेच आराम पडतो का, याविषयी अलीकडे भक्कम पुरावा उपलब्ध झाला आहे. नेदरलँड्समध्ये २०३ प्रौढ रुग्णांवर झालेला अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आणि ब्रिटनमधील ३७८ प्रौढांचा अभ्यास ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झाला. दोन्हींत निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेविना केलेल्या उपचारांपेक्षा शस्त्रक्रियेने अधिक आराम पडल्याचे दिसले. हे निष्कर्ष पडद्याच्या शस्त्रक्रियेविषयी आहेत, केवळ दुर्बिणीच्या पद्धतीविषयी नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी भेटून रक्तदाब, दमा आणि रक्त पातळ करणारी औषधे यांची चौकशी केली होती. पूर्ण भूल दिली गेली, साधारण तासाभरात काम उरकले, बाहेरून कोठेही छेद किंवा टाका नव्हता. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्यात रक्त साकळणे, पडद्याला भोक पडणे, वरच्या पुढच्या दातांना काही काळ बधिरपणा येणे आणि क्वचित वासाच्या संवेदनेवर परिणाम होणे, हे सगळे मराठीत समजावून सांगितले. मला दातांचा बधिरपणा जाणवला. तो हळूहळू ओसरला. आधी सांगितलेले असल्यामुळे घाबरायला झाले नाही.

नाकात घट्ट बोळे भरण्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. येथे पडद्याची दोन्ही अस्तरे विरघळणाऱ्या धाग्याने एकमेकांना शिवून घेतली होती आणि दोन बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या बसवल्या होत्या, त्यामुळे बोळे लागले नाहीत. तरी पहिल्या रात्री सूज आणि रक्ताळलेला स्राव यांमुळे नाक बंदच होते आणि श्वास तोंडानेच घ्यावा लागला. ‘उठताच मोकळा श्वास’ अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. दोन उशा घेऊन झोपणे, शिंक तोंड उघडून देणे, नाक न शिंकरणे, वाकून जड काही न उचलणे, हे नियम कटकटीचे असले तरी पाळावेच लागतात.

आठवड्याने पट्ट्या काढल्या. टाका कापल्यावर पट्टी चिमट्यात धरून एका लयीत बाहेर ओढली गेली. दुखले कमी, पण इतकी लांब वस्तू आपल्या नाकात होती यावर विश्वास बसेना. त्यानंतर सक्शनच्या बारीक नळीने खपल्या काढल्या. पुढच्या एका भेटीत दुर्बिणीतून पाहताना पडदा आणि बाजूची मांसल पट्टी यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पातळ धागा तयार होत असल्याचे दिसले. डॉक्टरांनी तेथेच, खुर्चीवर बसल्या बसल्या, बधिर करून तो सोडवला. दुर्लक्ष झाले असते, तर तो जाड होऊन मार्ग पुन्हा अरुंद झाला असता. म्हणूनच मी म्हणते की शस्त्रक्रियेच्या दरात नंतरच्या या सफाईच्या भेटी धरल्या आहेत का, आणि त्या भेटींत दुर्बिणीतून तपासणी होणार आहे का, हे आधी विचारावे. येथे त्या धरलेल्या होत्या. घरी नाक धुण्यासाठी नळाचे पाणी चालणार नाही, उकळून गार केलेलेच हवे, हे सिस्टरांनी तीनतीनदा बजावले, आणि ते योग्यच होते. नळाच्या पाण्यातील काही सूक्ष्म जीव नाकावाटे शिरले तर जीवघेणे ठरू शकतात.

आता तक्रारी. घरी जाताना दिलेला कागद सगळा इंग्रजीत आणि निम्मा संक्षेपांत होता. तोंडी सूचना उत्तम मराठीत देणाऱ्या रुग्णालयाने लेखी सूचना रुग्णाला न कळणाऱ्या भाषेत द्याव्यात, हे मला पटत नाही, विशेषतः दोन्ही नाकपुड्या अचानक बंद होऊन ठणका व ताप येणे, रक्त न थांबणे, एका बाजूने पाण्यासारखा स्राव ठिबकत राहणे, ही तातडीने परतण्याची लक्षणे त्याच कागदावर असताना. पडद्यात साकळलेले रक्त वेळीच काढले नाही तर कूर्चा मरते. ही माहिती खेड्यातून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला वाचता आलीच पाहिजे. रात्रीच्या चौकशीसाठी दिलेला फोन दोन वेळा कोणी उचलला नाही, हेही येथे नोंदवते.

विम्याच्या बाबतीत रुग्णालयाच्या खिडकीवर माणसे सौजन्याने बोलली, पण माहिती तुकड्यातुकड्याने मिळाली. नाकाच्या पडद्याची शस्त्रक्रिया अनेक पॉलिसींत दोन वर्षांच्या प्रतीक्षा काळात मोडते, आणि सिलिकॉनच्या पट्ट्यांसारख्या काही वस्तूंचे पैसे कॅशलेस असूनही रुग्णाकडून घेतले जाऊ शकतात. नाकाचा बाहेरचा आकार बदलण्याचे काम त्याबरोबर केले, तर त्याचा खर्च सहसा विम्यात बसत नाही. हे सगळे एका कागदावर, दाखल होण्याआधी मिळायला हवे होते.

आतील सूज पूर्ण उतरायला दोन-तीन महिने लागले. आता डावी नाकपुडी उजवीच्या बरोबरीने चालते, रात्री तोंड मिटून झोप लागते आणि शेवटच्या तासापर्यंत आवाज टिकतो. ॲलर्जी गेलेली नाही. गळीत हंगामात शिंका येतात आणि फवारा सुरू ठेवावा लागतो, हे मला आधीच सांगितले गेले होते. घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे एवढ्याच कारणासाठी कोणी ही शस्त्रक्रिया करू पाहत असेल, तर त्याने आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. मागच्या भागातील कंगोरा किंवा हाडाचा वाक असेल आणि औषधांनी आराम पडला नसेल, तर या रुग्णालयाची मी निःसंकोच शिफारस करते; पडद्याची पुढची कड वाकडी असलेल्यांनी मात्र उघड्या पद्धतीचा सराव असलेल्या शल्यविशारदाचे मतही घ्यावे.