ऑफ-रोडनंतर तापणारी फोर-व्हील-ड्राइव्ह : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डिझेल इंजिन, लॅडर फ्रेम, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि लो रेंज (कमी गतीत जास्त जोर देणारे गिअर) असलेली एक फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी गेले अनेक महिने माझ्या वापरात आहे. डांबरी रस्त्यावर ती जितकी चालते, जवळजवळ तितकीच चिखलात, वाळूत आणि दगडगोट्यांच्या वाटांवरही चालते. तिच्या ताकदीबद्दल किंवा चढावरच्या पकडीबद्दल मला फारसे लिहायचे नाही, कारण त्या बाबतीत ती समाधानकारक आहे. लिहायचे आहे ते अशा वाटांवरून बाहेर पडल्यानंतर इंजिन तापण्याच्या तक्रारीबद्दल, आणि त्यासाठी केलेल्या उपायांपैकी दीर्घकाळ उपयोगी ठरले ते कोणते, याबद्दल.

तक्रारीचे स्वरूप असे होते. चिखलातून परतताना सपाट महामार्गावर तापमानाचा काटा जागेवर राहत असे, परंतु लांब चढ लागला की तो वर सरकू लागे. गॅरेजमध्ये कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलण्यात आले, नवा थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंट तापल्यावर त्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बसवण्यात आला आणि तरीही फरक पडेना, तेव्हा थर्मोस्टॅट काढूनच टाकावा असा सल्ला मिळाला. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तोवर इंधन जास्त लागते आणि झीजही वाढते. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो, त्यांत तो काढल्यावर कुलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परत फिरतो, म्हणजे जे दुखणे घालवायचे तेच बळावते.

म्हणून निदानाची सुरुवात काट्याऐवजी आकड्यापासून करायची असे मी ठरवले. आजच्या अनेक गाड्यांत काट्याची रचनाच अशी असते की कुलंटचे तापमान बऱ्याच मोठ्या पट्ट्यात खालीवर झाले तरी तो मध्यावरच स्थिर दिसतो. तो हलतो तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरलेला असतो. गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरील साधे अ‍ॅप यांनी ही अडचण दूर केली. कुलंटचे तापमान हे ओबीडी-2 मानकातील 05 क्रमांकाचे मूल्य आहे. इंजिनाचा संगणक ते एका बाइटमध्ये पाठवतो आणि त्यातून 40 वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. इतक्या सरळ मांडणीमुळे साधा अडॅप्टरही हा आकडा नीट दाखवतो. या सर्व काळात घेतलेल्या वस्तूंपैकी सर्वाधिक उपयोगी हीच ठरली. तिच्यात उणिवा आहेत : जोराचे हादरे बसले की जोडणी कधीकधी तुटते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवावा लागतो, नाहीतर बॅटरी हळूहळू उतरते. माझ्या गाडीत मोकळ्या रस्त्यावर 88 ते 92 अंश दिसतात. त्या चढावर मात्र आकडा 104 वर जात होता, आणि काटा हलण्याच्या बराच आधीपासून तो वाढत होता.

आकड्यावर विसंबताना एक गोष्ट विसरून चालत नाही. सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच त्याचे सांगणे खरे असते. कुलंट गळून गेले आणि सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडला, तर इंजिन भाजून निघत असतानाही आकडा खाली उतरू शकतो. तापलेल्या गाडीत आकडा अचानक घसरला आणि हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर तो दिलासा न मानता इंजिन तत्काळ बंद करावे.

गाडी केव्हा तापते, यावरून कारणाचा बराचसा शोध लागतो. वेगात किंवा लांब चढावर तापणारी आणि नुसती उभी असताना ठीक राहणारी गाडी बहुधा रेडिएटरकडे बोट दाखवते. तो बाहेरून मातीने किंवा आतून क्षारांनी भरलेला असतो आणि इंजिन जोरात काम करू लागले की त्याची क्षमता अपुरी पडते. याउलट हळू चालताना तापणारी आणि वेग घेताच निवळणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते, कारण वेगात वारा आपोआप मिळतो आणि संथ गतीत तो पंख्यालाच ओढावा लागतो. दोन्ही वेळा तापत असेल, तर कुलंटची पातळी, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि हेड गास्केट (इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधली सील) यांचा विचार करावा. माझ्या गाडीत पहिला प्रकार उघड दिसत होता आणि दुसरा त्याच्याआड लपला होता. पहिला दूर होईपर्यंत दुसऱ्याचा पत्ता लागला नाही.

गाडीच्या तोंडाशी एकामागे एक अशा अनेक जाळ्या असतात. पुढे एसीचा कंडेन्सर, काही गाड्यांत इंटरकूलर आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, आणि सर्वांत मागे रेडिएटर. समोरून पाणी मारले की पुढची जाळी स्वच्छ दिसते आणि काम झाले असे वाटते. खरा गाळ मात्र कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या अरुंद फटीत बसलेला असतो, जिथे ना नजर जाते ना पाण्याची धार. पंख्याभोवतीच्या आवरणाचा वरचा भाग काढून मागून विजेरी धरली, तेव्हा खालच्या भागातून समोर प्रकाशच येत नव्हता. एसीच्या नळ्या न सोडवता कंडेन्सरचे बोल्ट काढून तो थोडा पुढे झुकवला, आणि वाळलेली चिकणमाती, गवताची कुसळे व चिकटलेले किडे यांचा एक सलग थर हाती आला. तेवढ्या भागातून वारा जवळजवळ जातच नव्हता.

साफसफाईची पद्धत महत्त्वाची आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर माती आधी भिजू द्यावी, कारण कोरड्या चिकणमातीवर थेट धार मारली तर ती सुटण्याऐवजी फटीत आणखी घट्ट बसते. नंतर साध्या नळीच्या मंद धारेने इंजिनाच्या बाजूकडून पुढच्या दिशेने, म्हणजे वारा वाहतो त्याच्या उलट दिशेने, पाणी सोडावे आणि खालून निथळणारे पाणी नितळ होईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करावे. प्रेशर वॉशर मुळीच वापरू नये. जाळीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, त्या धारेने आडव्या होतात आणि मातीने अडला नसता एवढा वारा त्यांनी अडतो. तेलकट थर असेल तर सौम्य साबणाचे पाणी पुरते; तीव्र आम्ल किंवा अल्कली असलेले क्लीनर अ‍ॅल्युमिनियम खातात. या एका कामानंतर त्याच चढावर, तेवढ्याच सामानासह आणि एसी चालू ठेवून, आकडा 95 च्या पुढे गेला नाही. तेव्हापासून चिखलातल्या प्रत्येक फेरीनंतर, माती ओली आहे तोवरच, ही धुलाई केली जाते आणि परिणाम टिकून आहे.

मात्र वाळूत संथ गतीने चालताना आकडा अजूनही 106 पर्यंत चढत होता आणि त्याच वेळी एसीचा गारवाही मंदावत होता. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की पंखा तपासावा. माझ्या गाडीत इंजिनावर फिरणारा पंखा व्हिस्कस क्लचने जोडलेला आहे. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की क्लचच्या पुढची द्विधातूची स्प्रिंग वळते, झडप उघडते, आत सिलिकॉन तेल भरते आणि पंखा इंजिनासोबत जोराने फिरू लागतो. तेव्हा वाऱ्याचा घोंघावणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. माझ्या गाडीत तो आवाज कधी येतच नव्हता. इंजिन बंद करून, किल्ली काढून, गरम अवस्थेत पंखा हाताने फिरवला तर तो चांगलाच जड लागायला हवा. इथे तो मोकळा फिरत होता आणि क्लचच्या तोंडाशी तेलाचा ओघळ धूळ धरून बसला होता. क्लच बदलल्यावर वाळूतला आकडा 97 ते 98 वर स्थिरावला. विजेवर चालणारा पंखा असलेल्या गाड्यांत इतकी शोधाशोध लागत नाही : एसी लावला की पंखा फिरला पाहिजे, आणि फिरला नाही तर फ्यूज, रिले आणि चिखलपाण्याने गंजलेला कनेक्टर पाहावा. दोन्ही प्रकारांत पंख्याभोवतीचे आवरण फुटलेले नाही याची खात्री करावी, कारण ते नसेल तर पंखा पूर्ण रेडिएटरमधून वारा न ओढता स्वतःच्या आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो.

खोल पाण्यातून गाडी काढल्यानंतर ही तपासणी अधिक आवश्यक होते. फिरत्या पंख्याची पाती पाण्याच्या जोराने पुढे वाकून रेडिएटरला घासू शकतात. इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यावर (बेल्टवर) गाळ बसून तो घसरू लागतो. वॉटर पंपाच्या बेअरिंगमध्ये माती शिरली तर काही आठवड्यांनी पंपाच्या छोट्या छिद्रातून कुलंट झिरपताना दिसते.

कुलंट आणि पाणी निम्मे-निम्मे ठेवावे. जास्त कुलंट घातले की गाडी अधिक थंड राहते, हा समज खरा नाही. कुलंटमधले ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. साध्या हवेच्या दाबाखाली हे मिश्रण सुमारे 107 अंशांना उकळते, पण 15 पीएसआय (दाबाचे एकक) दाब धरणाऱ्या रेडिएटर कॅपखाली तीच मर्यादा 129 अंशांच्या आसपास जाते. यावरून त्या लहानशा कॅपचे मोल कळावे. तिचे रबर कडक झाले असेल तर कुलंट 110 अंशांच्या आतबाहेरच उकळू लागते आणि दोष भलत्याच भागावर येतो. गाडी उंचावर असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते.

हेड गास्केटची शंका लवकर फेडून घ्यावी. ज्वलनातील वायू कुलंटमध्ये मिसळत आहेत का, हे रंग बदलणाऱ्या द्रवाच्या चाचणीने सहज कळते, आणि थंड इंजिन सुरू केल्यावर क्षणात रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दगडासारखा घट्ट होत असेल तर ती चाचणी टाळू नये. माझ्या गाडीत ती निर्दोष निघाली.

पुढच्या बंपरवर विंच, दिवे आणि नंबर प्लेट यांची गर्दी करणाऱ्यांनी त्या वस्तू नेमक्या रेडिएटरच्या वाऱ्याच्या वाटेत येतात हे लक्षात घ्यावे. माझे दिवे बाजूला सरकवल्यावर आकडा दोनेक अंशांनी उतरला. बॉनेटची मागची कड उचलून गरम हवा बाहेर जाऊ देण्याचा उपाय मात्र मी कुणाला सुचवणार नाही. वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत येऊ शकते.

तापलेल्या अवस्थेत काय करावे, हेही अनुभवाने पक्के झाले आहे. आकडा 105 ओलांडू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण आणि त्याचा पंखा सर्वांत जोरात. हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच आहे. गळती दिसत नसेल तर गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि न्यूट्रलमध्ये इंजिन थोड्या वाढीव गतीवर चालू ठेवावे, म्हणजे पंप आणि पंखा काम करत राहतात. एकदम बंद केल्यास कुलंटचे फिरणे थांबते आणि सिलिंडर हेडमधली उष्णता काही मिनिटे वाढतच राहते. गळती असेल तर मात्र इंजिन लगेच बंद करावे. कॅप गरम असताना कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. दाब सुटताच उकळते कुलंट अंगावर उसळते आणि गंभीर भाजते.

एक भाग अजून पुरता सुटलेला नाही. मऊ वाळूत हाय रेंजमध्ये रेटत राहिले की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरतो, गिअरबॉक्सचे तेल तापते आणि त्याचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असल्याने ती उष्णता शेवटी इंजिनाच्या कुलंटमध्ये येते. लो रेंज वेळेवर लावणे आणि टायरमधील हवा कमी करणे यांनी हा भार स्पष्टपणे हलका होतो. तरीही गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान माझ्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, कारण ते मूल्य मानक यादीत नसून प्रत्येक उत्पादक ते आपापल्या पद्धतीने ठेवतो. म्हणून तेलाच्या नळीवर स्वतंत्र सेन्सर बसवायचा आणि त्याचे आकडे पाहूनच वेगळा कूलर लावायचा की नाही हे ठरवायचे, असा माझा पुढचा बेत आहे. तो कूलर लावायचा झाला, तर जागा मात्र रेडिएटरच्या पुढे नको.