कंपनीचे संकेतस्थळ बाहेरच्या एजन्सीकडे दिल्यानंतरचे १८ महिने

आमच्या कंपनीचे संकेतस्थळ सहा वर्षे एकाच सहकाऱ्याच्या हाती होते. कार्यालयातील संगणक, प्रिंटर आणि नेटवर्क सांभाळणे हे त्याचे मूळ काम. संकेतस्थळ नंतर त्याच्या गळ्यात पडले आणि त्याने ते निभावलेही. त्याने नोकरी सोडली तेव्हा चार पानांची एक टिपणी मागे राहिली. सुमारे २४० पाने, उत्पादनांची माहितीपत्रके आणि चौकशीचा फॉर्म असलेले हे संकेतस्थळ नेमके कशावर उभे आहे, हे कंपनीत दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही, याचा उलगडा आम्हाला तेव्हा झाला. सर्व्हरवर पीएचपीची (संकेतस्थळ ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते तिची) ७.४ ही आवृत्ती चालू होती, जिच्या सुरक्षा दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ रोजीच थांबल्या होत्या. याचा दोष मी त्याला देणार नाही. आवृत्ती बदलली असती तर दोन-तीन जुने प्लगइन (संकेतस्थळाला जादा सोयी पुरवणारे छोटे प्रोग्रॅम) मोडले असते, ते ठीक करायला आठवडा लागला असता, आणि तो आठवडा त्याला आमच्यापैकी कोणीही दिला नसता.

नवा माणूस नेमायचा की काम बाहेर द्यायचे, यावर बराच खल झाला. अखेर एजन्सीच्या बाजूने कौल गेला, कारण मांडणी, प्रोग्रॅमिंग, सर्व्हर आणि शोधयंत्रांसाठीची तयारी या चारही गोष्टी उत्तम येणारी एकच व्यक्ती मिळणे कठीण होते, आणि मिळाली असती तरी ती रजेवर गेल्यावर आम्ही पुन्हा होतो तिथेच आलो असतो. करार दरमहा १२ तासांच्या देखभालीचा झाला. तातडीच्या बिघाडाला चार तासांत प्रतिसाद आणि इतर कामांना पाच कार्यालयीन दिवसांची मुदत ठरली.

पहिले तीन महिने समाधानाचे गेले. एजन्सीने आमच्या संकेतस्थळाची चाचणीसाठी वेगळी प्रत उभी केली, सारा कोड गिटमध्ये (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) आणला आणि आमचे संकेतस्थळ ज्यावर बनले आहे त्या वर्डप्रेस प्रणालीची किंवा प्लगइनची प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्या प्रतीवर चालवून पाहण्याची शिस्त लावली. जुन्या बॅकअपमधून त्यांनी संकेतस्थळ आमच्यासमोर परत उभे करण्याचा प्रयत्न केला, तो प्रसंग मी विसरणार नाही. वर्डप्रेसमध्ये चित्रे फोल्डरमध्ये राहतात आणि लेखी मजकूर डेटाबेसमध्ये. आमचा बॅकअप दर रात्री फक्त फोल्डरची प्रत घेत होता. म्हणजे सर्व्हर खरोखरच गेला असता तर आमच्या हाती सगळी छायाचित्रे आली असती आणि एकही वाक्य आले नसते. ‘बॅकअप यशस्वी’ असा संदेश मात्र रोज सकाळी न चुकता येत असे. मुखपृष्ठावरचे मोठे छायाचित्र मोबाइलवर दिसायला सहा सेकंद लागत होते. ते काम त्यांनी गूगलने चांगल्या अनुभवासाठी ठरवलेल्या २.५ सेकंदांच्या आत आणले. ही कामे आमच्याकडे कोणी केली नसती, हे मान्य करायला हवे.

घोडे अडले ते मजकुरापाशी. एका व्हॉल्व्हच्या पानावर कमाल दाबाची मर्यादा १० बारऐवजी १६ बार अशी छापली गेली होती. विक्री विभागातील सहकाऱ्याच्या ते लक्षात आले आणि त्याने रीतसर तिकीट, म्हणजे एजन्सीकडे दुरुस्तीची लेखी मागणी, नोंदवले. एजन्सीच्या दृष्टीने तो एका आकड्याचा बदल होता, म्हणून तिकीट ‘साधे’ या गटात गेले आणि दुरुस्ती पाचव्या दिवशी झाली. करारानुसार त्यांचे काहीच चुकले नव्हते. परंतु तो आकडा वाचून कोणी चुकीच्या जोडणीवर आमचा व्हॉल्व्ह बसवला असता तर काय झाले असते, हे आमच्या कोणत्याही अभियंत्याने क्षणात सांगितले असते. तिकीट वाचणाऱ्याला ते कळण्याचा मार्गच नव्हता.

याहून खोल परिणाम कराराच्या एका साध्या अटीचा झाला. प्रत्येक तिकिटासाठी किमान अर्धा तास धरला जाईल, असे त्यात होते. वाचताना ते रास्त वाटले होते. प्रत्यक्षात लोक दुरुस्त्या साठवू लागले: एक चुकीचा दूरध्वनी क्रमांक, एक बंद पडलेला दुवा, एक जुने माहितीपत्रक असे पाच-सहा मुद्दे जमले की मग तिकीट. काही जणांनी साठवणेही सोडले आणि सांगणेच बंद केले. पूर्वी लोक त्या सहकाऱ्याच्या टेबलापाशी थांबून ‘अरे, तेवढे ते बदल ना’ म्हणत आणि दहा मिनिटांत काम होत असे. त्या बोलण्याची कुठेच नोंद नव्हती, म्हणून करार करताना आम्ही ते हिशोबातच घेतले नव्हते.

सातव्या महिन्यात सर्व्हर बदलताना मोठी गडबड झाली. एजन्सीने डोमेनचे (संकेतस्थळाच्या नावाचे) नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर, नव्या ठिकाणी वळवले आणि तिथे संकेतस्थळाच्या नोंदी व्यवस्थित भरल्या, पण ईमेल कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचा हे सांगणारी एमएक्स नोंद भरायची राहिली. जुनी माहिती इंटरनेटवरील वेगवेगळ्या सर्व्हरांनी काही काळ साठवून ठेवलेली असते. नावाच्या शेवटी डॉट कॉम असलेल्या डोमेनच्या बाबतीत नेमसर्व्हरची नोंद दोन दिवसांपर्यंत टिकू शकते. त्यामुळे काहींचे ईमेल येत राहिले, काहींचे आले नाहीत, आणि बिघाड आपल्याकडे आहे हे समजायलाच सोमवारची दुपार उजाडली. एमएक्स नोंद नसेल तर पाठवणारा सर्व्हर थेट डोमेनच्या पत्त्यावर ईमेल देऊ पाहतो. आमचा नवा वेब सर्व्हर ईमेल स्वीकारतच नव्हता, म्हणून बहुतेक ईमेल पाठवणाऱ्यांच्या रांगेत थांबून राहिले आणि नोंद दुरुस्त झाल्यावर उशिरा का होईना पोहोचले. एजन्सीचे म्हणणे असे की ईमेल करारात नाही. आमचे म्हणणे असे की घर हलवताना टपालपेटीही हलवायची असते. खरे सांगायचे तर डोमेनच्या नोंदींची यादी आमच्याकडेही नव्हती, त्यामुळे त्यांना विचारण्यासारखा प्रश्नच आम्हाला सुचला नव्हता.

डोमेनच्या नोंदणीचे खाते स्वतःच्या ताब्यात घेऊन ‘तुमची डोकेदुखी कमी करतो’ असे एजन्सीने सुरुवातीलाच सुचवले होते. आम्ही नकार दिला. या सबंध व्यवहारातला आमचा तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, आणि तो खरे म्हणजे आळसातून झाला, कारण खाते माजी सहकाऱ्याच्या खासगी ईमेलवर होते आणि ते सोडवून घेण्यातच दोन महिने गेले. सशुल्क प्लगइनच्या परवान्यांच्या बाबतीत मात्र आम्ही फसलो: तीन परवाने एजन्सीच्या खात्यावर आहेत, आणि त्यांच्याशी संबंध संपला की त्या प्लगइनची अद्यतने बंद होतील. प्रमाणपत्रांचा विषयही याच्याशीच निगडित आहे. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र पूर्वी जास्तीत जास्त ३९८ दिवस चालत असे. १५ मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवसांवर आली, २०२७ च्या मार्चपासून ती १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवसांची होणार आहे. कोणीतरी दिनदर्शिकेत खूण करून नूतनीकरण करण्याचे दिवस त्यामुळे सरले. हे काम स्वयंचलित असायला हवे, आणि ते फसल्यावर येणारी सूचना कोणीतरी वाचायला हवी. आमच्याकडे ती सूचना नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या बंद खात्यावर अकरा महिने जात होती.

अकराव्या महिन्यात आम्ही व्यवस्था बदलली. तांत्रिक पुस्तिका लिहिणाऱ्या सहकारी बाईंना आठवड्यातले दोन दिवस संकेतस्थळासाठी मोकळे केले आणि वर्डप्रेसमध्ये त्यांना ‘संपादक’ ही भूमिका दिली. या भूमिकेतून सर्व पाने बदलता येतात, पण प्लगइन आणि थीमला (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या भागाला) हात लागत नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्डमधून चिकटवलेल्या एका रुंद तक्त्याने मोबाइलवरचे पान पार विस्कटले आणि एजन्सीकडून थोडी खवचट प्रतिक्रिया आली. मात्र त्याच तक्त्यासाठी एजन्सीने तयार साचा करून दिला, आणि त्यानंतर तसा प्रकार घडलेला नाही. सर्व्हर, अद्यतने आणि कोड एजन्सीकडेच आहेत. कराराचे तास १२ वरून ७ वर आले. दाबाच्या आकड्यासारखी चूक आता त्याच दिवशी सुधारते, कारण ती वाचणाऱ्या बाईंना बार म्हणजे काय हे माहीत आहे. लोक पुन्हा टेबलापाशी थांबू लागले आहेत.

दहा पानांचे आणि वर्षातून दोनदाच बदलणारे संकेतस्थळ असेल, तर ते निःशंक बाहेर द्यावे. जिथे संकेतस्थळ हेच दुकान आहे आणि ते तासभर बंद पडले तरी विक्री थांबते, तिथे कोड जाणणारा माणूस पगारावर नसणे मला धोक्याचे वाटते. आमचे संकेतस्थळ या दोहोंच्या मधले आहे, आणि आजची विभागणी आम्हाला मानवली आहे. एजन्सीतील आमच्या संपर्क अधिकारी १८ महिन्यांत तीनदा बदलल्या आणि प्रत्येकीला आमची उत्पादने पहिल्यापासून समजावून सांगावी लागली, ही कुरकुर अजून कायम आहे.

पुढील महिन्यात कराराचे नूतनीकरण आहे. मी दोन अटी मांडल्या आहेत: परवाने आमच्या खात्यावर हलवावेत, आणि वर्षातून एकदा संकेतस्थळाची पूर्ण प्रत आमच्या हवाली करावी, जी आम्ही एजन्सीच्या मदतीविना दुसऱ्या सर्व्हरवर उभी करून पाहू. दुसरी अट त्यांनी लगेच स्वीकारली असून तिचे तीन तास ते वेगळे आकारणार आहेत. परवान्यांबाबत उत्तर अद्याप आलेले नाही. ते तिकीट ‘साधे’ या गटात आहे.