हेडफोनमधली भुतं: वर्षभराची वर्गणी संपत आल्यावर

गेल्या जूनमध्ये एका ऑडिओ ॲपची वर्षाची वर्गणी भरली, ती हिंजवडीच्या बसमध्ये डोकं ताळ्यावर राहावं म्हणून. चरित्रं, इतिहास, गुंतवणूक असं काहीबाही ऐकायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात ऐकलं ते जवळजवळ सगळं भुताखेतांचं: इंग्रजीतल्या जुन्या भयकथा, आपल्याकडच्या गूढकथा आणि कोकणातल्या-देशावरच्या लोककथा. आता नूतनीकरणाचे मेसेज यायला लागलेत, तेव्हा एकदाचं लिहून टाकते. ॲपचं नाव देत नाही. ज्या तक्रारी आहेत त्या थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडाव्यात.

मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटले. पैसे वसूल झाले, पण ते ‘हॉरर’ या पाटीखाली जे आहे त्याने केले नाहीत, लोककथांनी केले. आणि दोन्हीकडे माझ्यासाठी एकाच गोष्टीवर निकाल लागला: सांगणाऱ्याला गप्प कधी बसायचं ते कळतं का.

हॉररवाल्यांना गप्प बसणं मंजूरच नाही. कथा सुरू व्हायच्या आधी वीज कडाडते, मग कोल्हेकुई, मग दार करकरतं. ते दारही सगळीकडे तेच. कोकणातल्या माजघराचं आणि लंडनमधल्या बंगल्याचं बिजागर एकाच सुताराने बसवलेलं असावं. निवेदक पहिल्या वाक्यापासून दबक्या, घोगऱ्या आवाजात बोलतो. अरे बाबा, पात्र अजून एसटीतून उतरून चहा पितंय, त्याला काही झालेलं नाही, तू कशाला आत्ताच घाबरतोस? सुरुवातीलाच आवाज खाली नेला की खरं भय येतं तेव्हा जायला जागाच उरत नाही. मग तिथे संगीत वाढवतात. बसमध्ये ते संगीत आणि पीएमपीएमएलचं इंजिन मिळून असा काही गोंधळ होतो की शब्द ऐकायला आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्या किंकाळीला कानठळ्या बसतात. एकदा शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, बरं वाटत नाहीये का म्हणून.

याच्या उलट एक निवेदिका सापडली. साधारण पन्नाशीचा आवाज, शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंसारखा. ती हाकामारीची गोष्ट सांगते. रात्री दाराबाहेरून ओळखीच्या आवाजात कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी घरी ऐकलेलं असतं. या बाई हाक स्वतः मारतच नाहीत. ‘बाहेरून हाक आली’ एवढं म्हणतात आणि थांबतात. मागे संगीत नाही, काही नाही, नुसती खोलीतली शांतता रेकॉर्ड झालेली. मग सून आतून पदर खोचत उठल्याचं सांगतात. मी तेव्हा ओट्याशी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी करपली तरी हात हलेना.

इंग्रजी अभिजात कथांबद्दल थोडक्यात. इंग्रज भयकथाकार एम. आर. जेम्स ऐकायलाच हवा, कारण त्याच्या बऱ्याच कथा मुळात ऐकवण्यासाठीच होत्या. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्र जमवून मेणबत्तीच्या उजेडात तो त्या वाचून दाखवायचा. त्याची १९०४ साली पुस्तकात आलेली शिट्टीची कथा, ज्यात समुद्रकाठच्या अवशेषांत सापडलेली जुनी शिट्टी एक प्राध्यापक फुंकतो, ती चांगल्या वाचणाऱ्याकडून ऐकली तर आपल्याला वाऱ्याचा आवाज येतो, आणि तो रेकॉर्डिंगमध्ये नसतो.

डिकन्सची सिग्नलवाल्याची कथा मी डेक्कन क्वीनमध्ये ऐकली, लोणावळ्याच्या पुढे गाडी बोगद्यांत शिरली तेव्हा. मुद्दाम जमवून आणलं होतं, नाकारत नाही. कथा १८६६ची, आणि आपल्या बोरघाटातून रेल्वे सुरू झाली १८६३ साली. म्हणजे डोंगर फोडून केलेल्या काळोखातून गाडी जाणं तिकडे काय आणि इकडे काय, अजून अंगवळणी पडायचं होतं. त्यात डिकन्स स्वतः जून १८६५मध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता. हे माहीत असलं की बोगद्याच्या तोंडाशी लाल दिव्याखाली उभा असलेला तो माणूस निव्वळ कल्पनेतला वाटत नाही.

पण या कथांसाठी वर्गणी भरायची गरज नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. जेम्स वारला १९३६ साली, डिकन्स १८७० साली, त्यामुळे दोघेही केव्हाच सगळ्यांचे झालेत. लिब्रिव्हॉक्सवर २००५पासून जगभरातले हौशी लोक अशी पुस्तकं वाचून फुकट ठेवताहेत. वाचणाऱ्यांचा दर्जा वरखाली आहे, पण चाळत बसलात तर सोनं सापडतं. मराठीचं गणित वेगळं. भयकथाकार नारायण धारप २००८ साली गेले, गूढकथाकार रत्नाकर मतकरी २०२० साली. त्यांचं लेखन रीतसर ऐकायचं तर पैसे मोजावे लागणार, आणि मोजावेतच. धारप ऐकताना एक लक्षात आलं: त्यांची वाक्यं साधी, सरळ, आणि घरं आपल्या ओळखीची. अभिनय न करता नुसतं नीट वाचलं तरी पुरतं. मतकरींकडे शेवटच्या ओळीचा झटका असतो. तिथे निवेदक आधीपासून सूचक स्वर लावत बसला तर सगळं मुसळ केरात.

आता लोककथा.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, वेंगुर्ला तालुक्यातल्या. मी स्पीकरवर वेताळाची एक कथा लावली होती. निवेदक रंगात येऊन सांगत होता की आरवलीचा वेतोबा रात्री गावात भटकतो आणि वाटेत सापडेल त्याला धरतो. आई शेंगा सोलता सोलता थांबल्या. ‘ह्यो काय सांगता? वेतोबा भूत नाय, राखणदार आसा तो!’ मग पुढचा अर्धा तास ॲप बंद आणि आई चालू. वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या वहाणा. त्या वहाणा माणसाच्या मापाच्या नसतात, चांगल्या हातभर लांब. देव रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा. त्यांच्या लहानपणी मोठी माणसं मुलांना झिजलेले तळवे दाखवायची. ‘टाच बघ, टाच,’ आई म्हणाल्या आणि शेंगेचं टरफल बोटांत धरून टाच कुठून झिजते तेही दाखवलं.

माझी या सगळ्या प्रकारावरची मुख्य तक्रार इथेच आहे. लोककथेला हॉररच्या साच्यात कोंबलं की तिचा जीव जातो. वेताळ, म्हसोबा, देवचार, साती आसरा यांना लोक घाबरतात, पण त्यांना नारळही देतात, त्यांच्याशी भांडतातही. मुंजाचंच घ्या. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधीच गेलेला पोर पिंपळावर राहतो, ही गोष्ट भयाइतकीच हळहळीची आहे. हडळ बाळंतपणात गेलेली बाई असते. तिचे उलटे पाय सगळे सांगतात, ती कशी गेली ते मात्र एका वाक्यात उरकतात. ज्यांनी हे ओळखलंय असे निवेदक थोडे आहेत, पण आहेत. चकव्याची एक गोष्ट तर जवळपास विनोदी आहे. रात्रभर एकाच शेताला फेऱ्या मारणारा माणूस शेवटी वैतागून बांधावर बसतो, बिडी पेटवतो आणि उजाडायची वाट बघतो. सांगणारा सोलापूरकडचा असावा. त्याची बोली कुणी ‘शुद्ध’ केलेली नाही, देव त्याचं भलं करो.

वेताळपंचविशीची मालिका मुलांसोबत ऐकण्याजोगी आहे. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात या गोष्टी आहेत, आणि त्यांची मांडणीच ऐकणाऱ्याला अडकवणारी: राजाने खांद्यावर प्रेत घेऊन गप्प चालायचं, वेताळाने गोष्ट सांगून प्रश्न विचारायचा, आणि राजा बोलला की वेताळ परत झाडावर. या मालिकेत प्रश्न विचारल्यावर काही सेकंद मोकळे सोडलेत. आमचे चिरंजीव त्या फटीत तावातावाने उत्तर देतात आणि वेताळ पळाला की माझ्यावर चिडतात. पुण्यात या वेताळाचा पत्ता शोधायला लांब जावं लागत नाही. शहरातली सगळ्यात उंच टेकडी त्याच्या नावाची, माथ्यावर त्याचं देऊळ, आणि आजची गुरुवार पेठ ही पूर्वीची वेताळ पेठ. पुण्याच्या वेताळावर एकही धड ऑडिओ मला मिळाला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

कारण पुणे म्हटलं की सगळे धावतात शनिवारवाड्याकडे. ‘काका, मला वाचवा’ किती जणांनी किती सुरांत ओरडावं याला काही मर्यादा? नारायणराव पेशव्यांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. ते तेव्हा अठरा वर्षांचे होते, लग्न झालेले, गादीवर बसलेले. ऑडिओत मात्र आठ-दहा वर्षांच्या पोराच्या आवाजात किंचाळतात. एकाने तर अमावास्येला वाड्याच्या वरच्या मजल्यावर दिवे हलताना दाखवले. वाडा १८२८च्या आगीत आतून जळून गेला, वरचे मजले राहिलेत कुठे? तटबंदी, दरवाजे आणि जोती उरली आहेत. भुताला निदान जिना तरी हवा. या प्रकरणात खरा अंगावर काटा आणणारा भाग रामशास्त्री प्रभुण्यांचा: चौकशी करून सत्तेवर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवायचं आणि पुणं सोडून निघून जायचं. तो कुणी सांगत नाही, त्यात किंकाळी नाही ना.

एक अनपेक्षित शोध मात्र पुण्याशी जोडलेला निघाला. मेरी फ्रिअर ही मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी. १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांच्या दौऱ्याबरोबर मराठी मुलखात फिरताना तिने आपल्या आयाबाईकडून, ॲना लिबराता डिसोझा हिच्याकडून, गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. त्यांचं इंग्रजी पुस्तक १८६८ साली आलं. त्यात राक्षस आहेत, पोपटात जीव ठेवणारा मांत्रिक आहे, सूर्याबाई आहे. आणि ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची हकीकतही आहे, जी मला राक्षसांपेक्षा जास्त आवडली. गव्हर्नर फ्रिअर यांच्याच काळात गणेशखिंडीत बांधायला घेतलेलं गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. मी ते पुस्तक विद्यापीठाच्या आवारात फिरताना ऐकलं. वाचणारा परदेशी, ‘सूर्याबाई’ म्हणताना अडखळतो, सगळ्यांना एकाच सभ्य सुरात बोलायला लावतो. ॲना ते कसं सांगत असेल, कुठे थांबत असेल, ते कागदावर उतरलंच नाही. हे पुस्तक एखाद्या गोव्याकडच्या आजीकडून मराठीत वाचून घ्यावं, अशी माझी निर्मात्यांना आग्रहाची सूचना आहे.

तांत्रिक बाबी. ॲपचा स्लीप टायमर बेभरवशाचा. कथा संपते, मग तो पुढची आपोआप सुरू करतो, आणि रात्री दोनला उशीजवळून कुणीतरी खदाखदा हसतं. नवरा अजून त्यावरून बोलतो. उपाय म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोप्ले’ बंद करणे, टायमरवर विसंबू नका. वेग १.२५ करून ऐकण्याची सवय असेल तर या विभागापुरती सोडा. ॲप वेग वाढवताना मधल्या शांत जागाही आखडून टाकतं आणि उरतो तो बातमीपत्राचा सूर. डेटाची काळजी नको, साध्या ६४ केबीपीएसच्या फाइलला तासाला तीसेक एमबी लागतात. शोध मात्र भिकार. ‘कोकण’ टाकलं की पर्यटनाचे पॉडकास्ट येतात. जिल्ह्यानुसार किंवा बोलीनुसार चाळण्याची सोय नाही, निवेदकाच्या नावावरून शोधलं तरच काही हाती लागतं. ती हाकामारीवाली निवेदिका मला अशीच मिळाली, दुसऱ्याच एका पाककृतीच्या मालिकेतून.

तर, ज्यांना फक्त इंग्रजी जुन्या कथा हव्यात त्यांनी खिशात हात घालू नये. धारप-मतकरी आवडत असतील तर महिन्याभराची वर्गणी घेऊन हवं ते ऐकून घ्या, तेवढ्यात होतं. लोककथांसाठी वर्षाची घ्यायला हरकत नाही, घरात ऐकून वाद घालणारं एखादं वडीलधारं माणूस असेल तर नक्कीच घ्या, कारण निम्मी मजा तीच. मी पुन्हा भरणार आहे, पण गणपतीत सवलत लागते तेव्हा. तोवर मधले दोन-तीन महिने डाउनलोड केलेलं ऐकता येईल असं समजू नका. वर्गणी संपली की तेही उघडत नाही, तसं नियमांत बारीक अक्षरात लिहिलेलं आहे.