खोक्यावर १०० वॅट, अडॅप्टरवर १८

झाडे लावलेल्या फिश टँकसाठी एलईडी दिवा घेताना खोक्यावरील वॅटच्या आकड्यावर विसंबू नये, यासाठी हा अनुभव लिहीत आहे. सोलापुरातील एका दुकानातून आम्ही दोन फुटी, साधारण ८५ लिटरच्या टाकीसाठी '१०० वॅट' छापलेला दिवा घेतला. "झाडं नुसती फोफावतील बघा," असे दुकानदाराने सांगितले होते.

प्रत्यक्षात भरपूर उजेड लागणाऱ्या रोटाला या पाणवनस्पतीच्या कांड्या उजेडाच्या ओढीने लांबट झाल्या, खालची पाने गळाली आणि तळाचे हेअरग्रास (गवतासारखी पाणवनस्पती) तपकिरी पडले. कमी उजेडावर भागणारे अनुबियास व जावा फर्न मात्र ठणठणीत राहिले. दुकानदाराने पाण्याला दोष देऊन खताची बाटली गळ्यात मारली आणि दिवा बारा तास चालू ठेवायला सांगितले. त्याने झाडे सुधारली नाहीत, काचेवर शेवाळ तेवढे वाढले.

खरा प्रकार अडॅप्टरवरच्या बारीक अक्षरांत होता: १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. दोहोंचा गुणाकार १८. त्यातून १०० वॅटचा दिवा चालणे शक्यच नाही. पट्टीवर २०० चिप्स, प्रत्येकी अर्ध्या वॅटच्या म्हणून १०० असा हा हिशेब असतो; चिप्सना तेवढा प्रवाह मिळतच नाही. खात्रीसाठी घरातील सर्व उपकरणे बंद करून (मे महिन्यातील सोलापुरात पंख्याविना हेही एक दिव्यच) विजेच्या मीटरचा लाल ठिपका पाहिला. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० लुकलुक असे छापले आहे, त्यामुळे १०० वॅटला मिनिटाला पाचहून अधिक लुकलुक व्हायला हव्या होत्या. झाली जेमतेम एक.

सोलापुरी चादरीच्या नावावर भलताच माल खपवला जातो, हे पाहिलेल्या आम्हाला असा छापील आकडा नवा नसावा. अठरा वॅटचा दिवा मुळात वाईट नसतो. तो अठराच्या भावात आणि अनुबियाससारख्या झाडांसाठी विकावा, इतकेच. विकत घेण्यापूर्वी खोका उघडून अडॅप्टर दाखवायला सांगावे, खोक्यावर ल्युमेन (प्रत्यक्ष उजेडाचे माप) लिहिले आहेत का ते पाहावे आणि वॅटचा उल्लेख असलेले पक्के बिल घ्यावे. आमच्याकडे असे बिल होते, म्हणूनच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करतो म्हणताच पैसे परत मिळाले. दुकानदाराने तो दिवा आमच्यादेखतच पुसून त्याच खोक्यात भरला आणि पुन्हा फळीवर मांडला.