३१ टक्के दाखवत विझला

विमानात वापरायचा हा हातातला जीपीएस माझ्याकडे चार वर्षं आहे. पडदा उन्हात वाचता येतो, हातमोजे घालूनही बटणं नीट दाबली जातात. तक्रार बॅटरीची, आणि तिच्याहून जास्त कोपऱ्यातल्या त्या टक्केवारीची.

गेल्या हिवाळ्यात साडेआठ हजार फुटांवर होतो. केबिनचा हीटर नावापुरता, ऊन समोरून, म्हणून पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवलेला. चार्ज ३१ टक्के. मांडीवरच्या पॅडवर वेळ टिपायला मान खाली घातली, वर बघतो तर पडदा काळा. बटण दाबलं, कंपनीचं चिन्ह चमकलं, पुन्हा काळा. भरवशाच्या म्हशीला टोणगा! कागदी नकाशा होता, मागच्या खुणेची वेळ लिहिलेली होती, होकायंत्र होतं, उतरलो नीट. पण विमानाची वीज बनवणारा अल्टरनेटर गेला, समोरचं पॅनेल अंधारलं, तर हाताशी असावा म्हणून घेतलेला हा गडी. तोच आधी आडवा?

घरी उबदार खोलीत चार्ज न करता चालू केला, तर पठ्ठ्या चाळीस मिनिटं चालला! म्हणजे बॅटरी रिकामी नव्हतीच. लिथियम-आयन सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून विजेला होणारा अडथळा, वाढतो, थंडीत आणखी. वर पूर्ण प्रकाशाचा भार पडला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि सर्किट सगळं बंद करून टाकतं. टक्केवारीला पत्ताच नसतो.

सेल लवकर म्हातारा झाला यात माझाही हात आहे. उन्हाळाभर काचेमागे तापत ठेवला, घरी कायम १०० टक्क्यांवर प्लगला लावलेला. बॅटरी बाहेर काढली तर पोट आलेलं. टेबलावर ठेवून टिचकी मारली की भोवऱ्यासारखी फिरायची.

नवी बॅटरी टाकून घड्याळ लावलं. खोक्यावर आठ तास, पूर्ण प्रकाशात मला पाच तास दहा मिनिटं मिळाले. चालेल. आता उड्डाणभर विमानाच्या सॉकेटवर ठेवतो, म्हणजे आतली बॅटरी अडचणीसाठी भरलेली राहते. ॲडॉप्टर मात्र बघून घ्या: छोट्या विमानांत कुठे १४ व्होल्ट, कुठे २८. गाडीतला फक्त १२ व्होल्टवाला २८वर लावलात तर जळेल.

तीन तारे. चौथा देणार होतो, पण थंडीबद्दलची एकुलती एक ओळ पुस्तिकेत सापडली ती ८७व्या पानावर, पट्टा कसा अडकवायचा त्याच्या खाली.