कार्बन स्टीलची वोक : पावसाळ्यापासून वापरतोय, आता सांगण्यासारखं बरंच आहे

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. वोक, म्हणजे चायनीज करायची पातळ पत्र्याची कढई, झकास आहे, पैसे वसूल आहेत, पण ही घेतली की बाहेरचं चायनीज बंद होईल असं कोणी सांगत असेल तर ते काही खरं नाही. आमच्याकडे एवढंच झालं की घरी काय करायचं आणि बाहेर जाऊन काय खायचं याची सरळ वाटणी झाली. फ्राईड राईस, नूडल्स, साध्या परतलेल्या भाज्या आता बाहेरून येतच नाहीत, आणि हॉटेलात गेलो की जे घरच्या शेगडीवर जन्मात होणार नाही तेच मागवतो.

वस्तू काय आहे ते सांगतो. बारा इंची, सपाट बुडाची, लाकडी दांड्याची, वजन दीड किलोच्या आसपास, ऑनलाईन घेतली, दोन हजारांच्या आत. नॉनस्टिक नाही, कसलंही कोटिंग नाही, नुसतं लोखंड आणि त्यात जेमतेम एखादा टक्का कार्बन. आईने खोका उघडल्या उघडल्या विचारलं, अरे ही तर लोखंडाची कढईच की, ती आहे ना आपल्याकडे? आणि खरं सांगू का, तिचं फारसं चुकलं नव्हतं. नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर जी काळीकुट्ट कढई आदळत असते ती भांडी बाजारातली साधी पत्र्याचीच असते. फरक एवढाच की आपली घरची कढई जाड आणि खोल, दोन कानांची, तापायला वेळ घेते आणि एका हाताने उचलून हलवता येत नाही. वोकचा पत्रा पातळ, त्यामुळे आच वाढवली की भांडं लगेच तापतं, कमी केली की लगेच निवतं, आणि बाजू उतरत्या असल्यामुळे भाजी वर ढकलून मध्ये अंडं फोडता येतं. गोल बुडाची घेऊ नका, आपल्या शेगडीवर ती डुगडुगते, वेगळी रिंग लावा मग ज्वाला बुडापासून लांब जाते, सगळी कटकट.

पहिल्या दिवसाचं काम मात्र आहे हं, ते टाळता येत नाही. कंपनीतून गंज लागू नये म्हणून तेलाचा की मेणाचा थर देऊन पाठवतात, तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने पूर्ण काढायचा. मग मोठ्या आचेवर रिकामी तापवायची, राखाडी पत्रा आधी पिवळट, मग जांभळा-निळा होत जातो, बघायला मजा येते, लेक तर व्हिडिओ काढत बसली होती. पूर्ण निळी झाली की फडक्याने तेलाचं अगदी पुसट बोट फिरवायचं, धूर येऊन जाऊ द्यायचा, परत तेल, परत धूर, असं चार-पाच वेळा. ते तेल जळून जात नाही तर पत्र्यावर कडक पापुद्र्यासारखं बसतं, तेच पुढे नॉनस्टिकचं काम करतं. तेल जास्त झालं की चिकट डाग पडतात, म्हणून पुसट म्हणतोय. चिमणी फुल स्पीडवर, खिडक्या उघड्या, आणि शेजारी काकूंना आधी सांगून ठेवा नाहीतर त्या बेल वाजवतात.

आता सगळे ज्यासाठी घेतात त्या चवीबद्दल, म्हणजे तो भाजका, किंचित धुरकट वास जो हॉटेलच्या फ्राईड राईसला येतो आणि घरच्याला येत नाही. त्याचं बरंचसं उत्तर वोकमध्ये नाही, आचेत आहे. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर फार तर दोन-तीन किलोवॅटचा, हॉटेलातला चायनीजचा बर्नर त्याच्या दहापट सहज असतो. तिथे ज्वाला कढईच्या काठावरून वर येते, भात उडतो तेव्हा तेलाचे बारीक थेंब ज्वालेत पेटतात आणि तो वास लागतो. शिवाय उडवण्याचा वेग बघा, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये चायनीज आचाऱ्यांच्या हालचाली मोजल्या होत्या, सेकंदाला जवळपास तीन वेळा भात हवेत! आचाऱ्यांच्या खांदेदुखीचाही त्यांच्या अभ्यासात उल्लेख आहे. मी दोन मिनिटं प्रयत्न करतो, अर्धे मटार ओट्यावर.

तरी घरी सत्तर टक्के गाठता येतात आणि त्याचं गुपित अगदी कंटाळवाणं आहे, कमी टाका. एका वेळी दोन वाट्या भात, बस. चार माणसांचा एकदम टाकला की वोक निवते, भाज्यांना पाणी सुटतं आणि मग परतलेलं नाही तर शिजवलेलं लागतं. आम्ही चार जणांसाठी दोन घाणे काढतो, पहिल्या दोघांनी बसून घ्यायचं, बाकीच्यांनी वाट बघायची, एकत्र जेवायला बसायची हौस असेल त्या दिवशी वरण-भात करतो.

भाताचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळं बिघडतं किंवा जमतं. कोलम घ्या किंवा बासमती, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी, कुकर नको, पातेल्यात शिजवून निथळलेला उत्तम. मग परातीत पसरून पंख्याखाली वाफ घालवायची आणि लगेच फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वापरायचा. थंड भाताचा दाणा कोरडा आणि घट्ट होतो म्हणून तो सुटा राहतो. शिळा भात म्हणजे रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात नव्हे बरं का, उबेत त्यात बॅसिलस सीरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम करूनही जात नाही, तेव्हा उन्हाळ्यात तरी हा आळस नको. वोक धूर निघेपर्यंत तापवायची, तेल घालून फिरवायचं, आधी अंडं, ते अर्धवट जमलं की काढून ठेवायचं. परत तेल, लसूण, लगेच गाजर-फरसबी, मग कोबी आणि सिमला मिरची, मग भात, आणि भात टाकल्यावर उलथन्याने दाबून वीस-पंचवीस सेकंद हात न लावता थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, खालच्या दाण्यांना तडतड आवाज येऊन भाजल्याचा वास सुटतो तेव्हाच उलटायचं. सोया सॉस भातावर ओतायचा नाही, वोकच्या तापलेल्या काठावरून सोडायचा, चुर्र झालं पाहिजे. शेवटी अंडं, पांढरी मिरपूड, पातीचा कांदा, बंद.

आता अजिनोमोटो. आमच्या घरी या एका चिमटीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी टीव्हीच्या रिमोटवरून झाली नाहीत. टोकियोच्या किकुने इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून त्यातला मूळ चवीचा पदार्थ, म्हणजे ग्लुटामेट, वेगळा काढला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला चायनीज हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते वगैरे पत्र लिहिलं आणि तिथून जी बोंब उठली ती अजून चालू आहे. नंतरच्या नीट घेतलेल्या चाचण्यांमध्ये नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणाने तसा त्रास खात्रीने काही दाखवता आला नाही, आणि हाच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतो, चीजमध्ये असतो. मिठाच्या मानाने अजिनोमोटोत सोडियम एक तृतीयांशच. मी दोन वाट्या भाताला छोटा पाव चमचा घालतो आणि मीठ तेवढं कमी करतो. बायको म्हणते माझ्या ताटात नको, तर तिचा घाणा वेगळा, तसाही दोन घाणे असतातच.

जे घरी जमत नाही, किंवा जमलं तरी करण्यात अर्थ नाही, त्यात पहिला नंबर मंच्युरियनचा. तळणीला तेल किती लागतं बघा, मग ते उरलेलं तेल आठवडाभर फोडणीला वापरत बसा. आणि ग्रेव्हीत टाकल्यावर पाच मिनिटांत गोळे मऊ पडतात. गाडीवर खाताना ते कुरकुरीत असतात कारण कढईतून थेट प्लेटमध्ये येतात. मंच्युरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही हे आता बहुतेकांना माहीत आहे, १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये कोलकात्याच्या नेल्सन वँग यांनी ते केलं असं सांगतात, आलं-लसूण-हिरवी मिरची आपली, गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर. त्यांनीच पुढे चायना गार्डन काढलं. त्यामुळे हे चायनीज नाही, नकली आहे असं नाक मुरडणाऱ्यांचं मला पटत नाही, कोलकात्याच्या टांगऱ्यात हक्का चिनी कुटुंबं कित्येक पिढ्या स्वयंपाक करतायत, तो स्वयंपाक भारतातलाच झाला ना शेवटी. चायनीज भेळ आणि शेजवान डोसा हे मात्र आपल्या मुंबईचं स्वतःचं काम, त्याचं पाप-पुण्य दुसऱ्या कोणाच्या माथी मारू नये.

तर हॉटेलात आम्ही आता काय मागवतो? अख्खा वाफवलेला मासा, खेकडा, डिमसम. कुलाब्याला लिंग्ज पॅव्हेलियनसारख्या जुन्या ठिकाणी जायचं असेल तर ठाण्याहून एवढं लोकलने जाऊन फ्राईड राईस खाण्यात काय हशील आहे! डिमसमची पारी एवढी पातळ लाटणं आणि चुण्या घालणं, मी एकदाच केलं, मोदक उत्तम करणाऱ्या आईलाही ते पीठ ताणताना घाम फुटला. ती म्हणाली उकड बरी, निदान ऐकते तरी.

पण वोक घेतल्यावर खरा फायदा झाला तो या हॉटेलछाप पदार्थांत नाहीच. चिनी घरांत रोज जे साधं खातात त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. टोमॅटो-अंडं घ्या. अंडी मऊसर परतून बाजूला, टोमॅटो मोठे चिरून थोडं मीठ, चिमूटभर साखर, रस सुटला की अंडी परत आत, वरून पातीचा कांदा, गरम भातावर. दहा मिनिटं. ऑफिसातून उशिरा आल्यावर ही गोष्ट देवासारखी धावून येते. दुसरं म्हणजे कॉन्जी, तांदूळ आठ-दहा पट पाण्यात दाणा मोडेपर्यंत शिजवायचा. त्याला इंद्रायणी अप्रतिम, जो चिकटपणा फ्राईड राईसला नडतो तोच इथे कामाला येतो. अर्थात ती पातेल्यात होते, पण वर घालायला तेलात कुरकुरीत केलेला लसूण, आल्याच्या काड्या, परतलेले मश्रूम हे सगळं वोकमध्ये, शेवटी दोन थेंब भाजलेल्या तिळाचं तेल. लेकीला ताप आला होता तेव्हा पेजेला नको म्हणाली आणि ही वाडगाभर खाल्ली, आई त्यावर दिवसभर काही बोलली नाही, म्हणजे बोलायचं बरंच असणार.

भाज्याही आता वेगळ्या लागतात. फरसबी तेलात सुरकुत्या पडेपर्यंत परतून वर लसूण, लाल मिरची, मीठ, एवढंच. पालक तर अर्ध्या मिनिटात. चिकनचे पातळ काप करून त्याला अंड्याचा पांढरा, कॉर्नफ्लॉवर, थोडा सोया सॉस आणि चमचाभर तेल लावून अर्धा तास ठेवलं की ब्रेस्टचं चिकनसुद्धा चामट होत नाही, हॉटेलातल्या मऊ चिकनमागे बहुतेक वेळा हीच युक्ती असते.

आता तक्रारी. एक, गंज. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा म्हणजे विचारू नका, रात्री धुऊन नुसती पुसून ठेवली तर सकाळी काठावर तांबूस ठिपके. धुतली की लगेच शेगडीवर कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवायचं, मगच ठेवायची. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या हाती चुकूनही पडू देऊ नका, त्यांनी एकदा मनापासून घासून इतकी लखलखीत केली की पहिल्या दिवसाचं सगळं परत करावं लागलं, आणि त्या बिचाऱ्या कौतुकाची वाट बघत उभ्या. दोन, आंबट. टोमॅटो, चिंच, व्हिनेगर जास्त वेळ उकळलं की काळा थर उतरतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते, त्यामुळे टोमॅटो-अंडं मी स्टीलच्या पॅनमध्येच करतो, आमटी-सांबार तर विसराच. तीन, दांडा. महिन्या-दोन महिन्यांत स्क्रू ढिला व्हायला लागला. कंपनीला मेल केला तर ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असं उत्तर आलं, त्यानंतर आजतागायत काही नाही. शेवटी हार्डवेअरवाल्याने वॉशर टाकून दिला, दहा रुपयांत, तेव्हापासून टकाटक.

इंडक्शनवाल्यांनी जरा विचार करून घ्या. चालते, लोखंडच आहे, पण पातळ बूड एकदम मोठ्या पॉवरवर तापवलं की मधून फुगतं आणि मग काचेवर भोवऱ्यासारखी फिरते, शिवाय बाजू तापत नाहीत. मनगट दुखणाऱ्यांनीही आधी दुकानात जाऊन हातात धरून बघावी, रिकामी दीड किलो ठीक वाटते, भातासकट एका हाताने उचलताना कळतं. आणि दोघांचंच घर असेल तर बारा इंची घ्यायची गरज नाही, दहा इंची लवकर तापेल. झाकण सोबत येत नाही, पण आमच्या जुन्या कढईचं बरोबर बसलं, तेवढे पैसे वाचले.